स्ट्रॉबेरीचे पोषणमूल्य: खरे किती आणि कौतुकाचे किती?

अनुराधा_क (धागाकर्ती)

थंडी सुरू झाली की पुण्यात चौकाचौकांत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या दिसू लागतात आणि त्याच सुमारास नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तिचे गुणगान करणारे संदेशही फिरू लागतात. हृदयविकार टळतो, मधुमेह आटोक्यात येतो, स्मरणशक्ती वाढते, दात शुभ्र होतात, असे सगळे दावे एका दमात केलेले असतात. यातले काय खरे मानावे, हे ठरवण्यासाठी मी पोषणाचे तक्ते पाहिले. १०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ ग्रॅम पाणी, ३२ किलोकॅलरी ऊर्जा, ५ ग्रॅमपेक्षा किंचित कमी साखर, २ ग्रॅम तंतुमय पदार्थ, जवळपास ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १५३ मिलिग्रॅम पोटॅशियम, २४ मायक्रोग्रॅम फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) आणि ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास मँगनीज असते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ नगण्य आहेत.

आकडे चांगले आहेत, पण ते असामान्य आहेत असे मला वाटत नाही. फळ महाग आहे, दिसायला सुंदर आहे आणि त्याचा हंगाम मर्यादित आहे, म्हणून त्याचे कौतुक जरा अधिकच होते, असे माझे मत आहे. आमच्या घरी सासूबाईंना मधुमेह आहे आणि मुलगा पहिलीत आहे. दोघांनाही हे फळ अतिशय आवडते. तेव्हा जाणकारांनी सांगावे की स्ट्रॉबेरीचा खरा उपयोग कोणता, आणि कोणी किती खावी?

पेरूपंथी

अनुराधाताई, आपल्या मताशी पूर्ण सहमत. क जीवनसत्त्वच हवे असेल तर पेरूत ते १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या पुढे असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. पेरूत तंतूही स्ट्रॉबेरीच्या दुपटीहून जास्त असतात. मात्र पेरू हातगाडीवर तिखट-मीठ लावून विकला जातो, पारदर्शक खोक्यात रांगेने मांडून नव्हे. त्यामुळे त्याच्यावर कोणी संदेश लिहीत नाही.

आहारमित्र

मी आहारशास्त्राच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पेरूपंथी यांची तुलना आकड्यांपुरती बरोबर आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष अपुरा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे असते. म्हणजे मध्यम आकाराच्या आठ-दहा स्ट्रॉबेरी खाल्ल्या तर स्त्रीची दिवसाची बहुतेक गरज भागते. गरजेपेक्षा जास्त गेलेले क जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही, लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे एका फळात चौपट जीवनसत्त्व आहे म्हणून त्याचा लाभही चौपट होतो, असे नाही.

स्ट्रॉबेरीचे वेगळेपण तिच्या लाल रंगात आहे. हा रंग अँथोसायनिन या गटातील द्रव्यांचा असतो आणि स्ट्रॉबेरीत त्यांपैकी पेलार्गोनिडिनवर आधारलेले द्रव्य प्रमुख असते. याशिवाय तिच्यात एलॅजिटॅनिन नावाची द्रव्ये असतात, ज्यांचे रूपांतर आपल्या मोठ्या आतड्यातील जिवाणू युरोलिथिन नावाच्या संयुगांत करतात. पण हे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात सारखे नसल्यामुळे एकच वाटी स्ट्रॉबेरी खाणाऱ्या दोन माणसांच्या शरीरात ही संयुगे अगदी वेगवेगळ्या प्रमाणात तयार होऊ शकतात. पेरू आणि आवळ्यात इतर उपयुक्त द्रव्ये आहेत, पण हा विशिष्ट संच नाही. म्हणून माझ्या दृष्टीने एक फळ सोडून दुसरे धरण्याचा प्रश्नच येत नाही.

शंकेखोर

रंगद्रव्ये असतील, पण त्यांचा माणसाच्या हृदयाला प्रत्यक्ष फायदा होतो, हे कोणी आणि कसे दाखवले? "संशोधनातून सिद्ध झाले आहे" हे वाक्य मी आता जाहिरातीतले वाक्य समजतो.

आकडेमोड

शंकेखोर साहेब, या दाव्याचे मूळ बहुधा २०१३ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. अमेरिकेतील २५ ते ४२ वर्षे वयाच्या सुमारे ९३,६०० परिचारिकांच्या आहाराची आणि आरोग्याची नोंद १८ वर्षे ठेवण्यात आली. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण, ही फळे क्वचित खाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले.

हा आकडा मोठा वाटतो, पण त्या संपूर्ण काळात एवढ्या स्त्रियांमध्ये झटके आले ते ४०५, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. इतक्या लहान धोक्यातील एक-तृतीयांशाची घट प्रत्येक व्यक्तीच्या वाट्याला फार थोडी येते. दुसरे असे की हा निरीक्षणाचा अभ्यास होता. नियमित बेरी खाणाऱ्या स्त्रिया बहुधा कमी धूम्रपान करतात, अधिक व्यायाम करतात आणि त्यांची आर्थिक स्थितीही बरी असते. संशोधकांनी शक्य तेवढे घटक हिशेबात घेतले होते, तरीही अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

स्मरणशक्तीचा दावाही याच प्रकारच्या पाहणीतून आला आहे. २०१२ साली ७० वर्षांवरील सुमारे १६,००० परिचारिकांच्या अभ्यासात अधिक बेरी खाणाऱ्यांची बौद्धिक झीज अडीच वर्षांपर्यंत उशिराने झाल्याचे दिसले. संदेशात मात्र "झीज उशिराने होते" याचे "स्मरणशक्ती वाढते" असे झाले.

शंकेखोर

आकडेमोड, आभारी आहे. मग प्रत्यक्ष खाऊ घालून केलेले प्रयोग नाहीतच का?

आकडेमोड

आहेत, पण बहुतेक छोटे आणि काही आठवड्यांचे. काही प्रयोगांत वजन जास्त असलेल्या लोकांमध्ये अपायकारक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थोडे उतरल्याचे आढळले. काहींत विशेष फरक पडला नाही. यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे पुष्कळ प्रयोगांत ताजे फळ नव्हे, तर गोठवून वाळवलेल्या स्ट्रॉबेरीची पूड दिली जाते, आणि रोजची ५० ग्रॅम पूड साधारण अर्धा किलो ताज्या फळांच्या बरोबरीची असते. रोज अर्धा किलो स्ट्रॉबेरी कोण खाणार? दुसरी म्हणजे यांतील अनेक प्रयोगांना कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या मंडळाने अर्थसाहाय्य केलेले आहे. तेवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना भान असलेले बरे.

पेरूपंथी

पेरू उत्पादकांचे असे मंडळ कोणी काढत असेल तर मी वर्गणी द्यायला तयार आहे.

लाल_माती

मी पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीची शेती करतो. चर्चा पोषणाची आहे, पण फळात काय उतरते हे शेतात ठरते, म्हणून लिहितो.

आमच्याकडे मातृरोपे मुख्यतः कॅलिफोर्नियाहून येतात. पावसाळ्यात खाली वाईच्या बाजूच्या रोपवाटिकांमध्ये त्यांना धुमारे फुटून नवी रोपे तयार होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर डोंगरावर गादीवाफ्यांवर लावली जातात. वाफ्यावर मल्चिंग पेपर (माती झाकणारा प्लॅस्टिकचा कागद) आणि आत ठिबक असते. नोव्हेंबरअखेर फळ सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाबिला अशा जाती लावल्या जातात. २०१० पासून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही आहे.

ग्राहकाने समजून घ्यावी अशी मुख्य गोष्ट ही की आंबा किंवा केळे जसे अढीत पिकते, तशी स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. घरी ठेवल्यावर तिचा रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. लांबच्या बाजारासाठी आम्हाला फळ पूर्ण लाल होण्याआधी, पाऊण रंगावर तोडावे लागते, नाहीतर ते वाटेतच दबते. देठाकडे पांढरट असलेले फळ आंबट लागते ते त्यामुळेच. आहारमित्र ताईंनी ज्या रंगद्रव्यांचा उल्लेख केला ती पूर्ण पिकलेल्या फळात जास्त असतात. तेव्हा फळ मोठे आहे की लहान, हे पाहू नये. देठापर्यंत लाल आहे की नाही, देठ हिरवा आणि ताजा आहे की नाही आणि पनेटच्या (फळांच्या छोट्या खोक्याच्या) तळाशी रस सुटला आहे का, हे पाहावे.

मृदुला_ठाणे

लाल_माती दादा, उत्तम माहिती. एक अडचणीचा प्रश्न विचारते, राग मानू नये. अमेरिकेतील एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेच्या कीटकनाशकांचे अंश असलेल्या फळभाज्यांच्या यादीत स्ट्रॉबेरी अनेक वर्षे अगदी वरच्या क्रमांकावर राहिली आहे. जे फळ सोलता येत नाही आणि थेट तोंडात जाते, त्याचे पोषण मोजताना हेही मोजायला नको का?

लाल_माती

राग कसला? प्रश्न रास्त आहे. फळ मातीलगत असते, साल नावापुरती असते आणि धुके-दव पडले की करड्या बुरशीचा धोका असतो. शिवाय फुलकिडे आणि लाल कोळी आहेतच. फवारणी करावी लागते. फवारणीनंतर तोडणीपूर्वी ठरावीक दिवस थांबण्याचा नियम असतो. तो पाळणारे शेतकरी आहेत तसे भाव चढला की घाई करणारेही आहेत. हे मी शेतकरी असूनच लिहितो. अलीकडे जैविक बुरशीनाशके आणि चिकट सापळे यांचा वापर वाढतो आहे, पण फवारणी पूर्ण बंद झाली आहे असे कोणी सांगितले तर त्याच्या प्लॉटवर जाऊन पाहावे.

आहारमित्र

मृदुलाताई, त्या यादीबद्दल एवढेच की ती अमेरिकेतील नमुन्यांवर आधारलेली आहे. शिवाय अंश सापडणे आणि ते सुरक्षित मर्यादेच्या वर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या नमुन्यात पाच कीटकनाशकांचे अंश मर्यादेच्या कितीतरी खाली असू शकतात आणि दुसऱ्यात एकाच कीटकनाशकाचा मर्यादा ओलांडणारा.

घरी मात्र काळजी घ्यावी. खाण्याच्या अगदी आधी, हिरवा देठ न काढता, वाहत्या पाण्याखाली फळे हलक्या हाताने धुवावीत. देठ आधी काढला तर तेथून पाणी आत शिरते आणि फळ बेचव होते. खायच्या सोड्याच्या पाण्याने पृष्ठभागावरील काही कीटकनाशके अधिक चांगली निघतात, असे २०१७ साली सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात दिसले होते. पण आत मुरलेला अंश कोणत्याही धुण्याने जात नाही. साबण किंवा भांडी घासण्याचा द्रव वापरू नये. धुऊन ओली फळे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

न्यूजर्सीकर

धुण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. गोठवलेली फळे सुरक्षितच असतात, असा इकडे पुष्कळांचा समज आहे. २०१६ साली अमेरिकेत, विशेषतः व्हर्जिनियात, इजिप्तहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरी घातलेल्या स्मूदीमुळे अ प्रकारच्या काविळीची साथ आली होती. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. आता पाकिटावर "शिजवून खाण्यासाठी" अशी सूचना आहे का, ते मी पाहतो.

टेम्सकाठची

इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेच्या "दिवसाला पाच वाटे फळे-भाज्या" या उपक्रमात ८० ग्रॅमचा एक वाटा धरतात आणि स्ट्रॉबेरीचा एक वाटा म्हणजे सात फळे. हा हिशेब मला सोयीचा वाटतो. वजनकाटा लागत नाही. अर्थात येथील लोक विम्बल्डनच्या दिवसांत त्या फळांवर जेवढी साय ओततात, ती धरली तर सारा हिशेबच बदलतो. महाबळेश्वरला "स्ट्रॉबेरी विथ क्रीम" खाणाऱ्यांनी इंग्रजांना हसू नये.

वैद्य_नंदन

आयुर्वेदात दूध आणि आंबट फळ यांचा संयोग विरुद्धाहार, म्हणजे एकत्र खाऊ नये असा मेळ, मानला आहे. त्यामुळे स्ट्रॉबेरीचा मिल्कशेक आणि क्रीम या दोन्ही गोष्टी नियमित घेऊ नयेत, असा माझा सल्ला असतो. ज्यांना घेतल्यावर पोट जड होते, आंबट ढेकर येतात किंवा अंगावर पित्त उठते, त्यांनी तरी हा संयोग टाळावा.

शंकेखोर

वैद्यराज, आदरपूर्वक विचारतो. आजची बागायती स्ट्रॉबेरी हा उत्तर अमेरिकेतील एक आणि चिलीतील एक अशा दोन जातींचा संकर असून तो अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला. प्राचीन ग्रंथांनी जे फळ पाहिलेच नाही, त्याला तो नियम लागू कसा करायचा?

वैद्य_नंदन

नियम फळाच्या नावाचा नसून रसाचा, म्हणजे चवीचा, आणि संयोगाचा आहे, म्हणून नवे फळही त्याच्या रसावरून त्यात बसते. आपल्याला आधुनिक पुरावा हवा असेल तर तो माझ्याकडे नाही, हे मान्य करतो. माझे म्हणणे परंपरेवर आणि रुग्णांच्या अनुभवावर आधारलेले आहे, आणि ते मी तेवढ्याच वजनाने मांडतो.

आहारमित्र

हे सरळ उत्तर आवडले. ज्याला दूध आणि स्ट्रॉबेरी एकत्र सोसते त्याने ते घेतल्यास अपाय होतो, असे आधुनिक आहारशास्त्र मानत नाही. माझा आक्षेप मिल्कशेकमधील साखरेला आहे. मोठ्या पेल्यात चार-पाच फळे, चार चमचे साखर आणि वरून आइस्क्रीमचा गोळा असेल, तर त्याला फळ खाणे म्हणू नये.

जॅमबहाद्दर

मग जॅम आणि क्रश यांचे काय? आमच्या घरी स्ट्रॉबेरी वर्षभर याच रूपात येते.

आकडेमोड

भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार जॅममध्ये साधारणपणे किमान ४५ टक्के फळ असावे लागते, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीच्या जॅमला ही अट २५ टक्क्यांचीच आहे. विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) घटक मात्र किमान ६५ टक्के हवेत, आणि त्यांतला बहुतांश भाग साखरेचा असतो. शिवाय शिजवताना क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो आणि रंगद्रव्येही साठवणुकीत कमी होत जातात. क्रशचीही गत फारशी वेगळी नाही.

जॅमबहाद्दर

म्हणजे फळ बाटलीत कमी आणि लेबलवर जास्त. टोपणनाव बदलावे लागणार.

स्वाती_नाशिक

सर्वांना एक सूचना. माझ्या भाचीला स्ट्रॉबेरी खाल्ल्यावर ओठांभोवती खाज येते आणि चट्टे उठतात. सगळे याला "उष्ण पडली" म्हणत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी ती अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले. पौष्टिक आहे म्हणून मुलांना आग्रह करताना हे लक्षात असावे.

आहारमित्र

स्वातीताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्ट्रॉबेरीत काही परागकणांतील प्रथिनांशी साम्य असलेले प्रथिन असते, त्यामुळे परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना ओठ-घशाला खाज सुटते. तेवढ्यावर थांबले तर फळ टाळणे पुरते. पण श्वास घ्यायला त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा उलट्या होत असतील तर तातडीने रुग्णालयात जावे. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाल्यावर स्ट्रॉबेरी द्यायची असेल तर कुस्करून आणि अगदी थोडी द्यावी. लहान मुलांना अख्खे फळ देऊ नये, घशात अडकू शकते.

निवृत्त_६८

मी रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतो. के जीवनसत्त्वाने या औषधाचा परिणाम कमी होतो, त्या भीतीने मी सर्वच फळे जपून खातो. स्ट्रॉबेरी चालेल का?

आहारमित्र

काका, १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत के जीवनसत्त्व सुमारे २ मायक्रोग्रॅमच असते; पालकात ते कित्येक पटींनी जास्त असते. त्यामुळे नेहमीच्या प्रमाणात सहसा अडचण येत नाही. तरी आहारात कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अनुराधा_क (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दातांचा दावा मात्र राहून गेला. आणि माझा घरचा प्रश्न अजून उभा आहे: सासूबाईंनी किती खावी आणि मुलाला डब्यात द्यावी का?

आकडेमोड

दात: स्ट्रॉबेरी कुस्करून दातांना चोळण्याचा उपाय करू नये. पृष्ठभागावरचा मळ निघाल्याने दात क्षणभर उजळ वाटतात, पण फळातील सायट्रिक आणि मॅलिक आम्लामुळे दातांचे वरचे कवच झिजू शकते. खाण्याने एवढा धोका नाही. खाऊन झाल्यावर चूळ भरावी.

आहारमित्र

अनुराधाताई, सासूबाईंची साखर साधारण नियंत्रणात असेल तर सात-आठ मध्यम फळे एका वेळी चालावीत. त्यांतून साखर जेमतेम ५ ग्रॅम जाते आणि स्ट्रॉबेरीचा ग्लायसेमिक निर्देशांक (अन्नाने रक्तातील साखर किती वेगाने चढते याचे माप) ४० च्या आसपास, म्हणजे कमी गटात मोडतो. तेवढ्याच वजनाच्या केळ्यात साखर दुपटीहून अधिक असते. पण "मधुमेह आटोक्यात येतो" याचा अर्थ गोळी बंद करावी असा कोणी घेऊ नये. वर पिठीसाखर किंवा क्रीम नको. त्यांना मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियमच्या दृष्टीने हे फळ तुलनेने सौम्य आहे, तरी प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

मुलाच्या डब्यात पोहे, नाचणीची भाकरी किंवा मेथीचा पराठा असेल त्या दिवशी चार-पाच फळे चिरून जरूर द्यावीत. वनस्पतीजन्य अन्नातील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते. हा स्ट्रॉबेरीचा सर्वांत साधा उपयोग, आणि त्याबद्दल फारसा वादही नाही.

पेरूपंथी

हेच काम पेरूची फोडही करते, एवढे नोंदवून मी थांबतो.

अनुराधा_क (धागाकर्ती)

पेरूही देईन! लाल_माती दादा, शेवटचा प्रश्न. महिन्याचे गणित सांभाळून घ्यायची तर कधी घ्यावी, आणि साखरेविना साठवता येते का?

लाल_माती

ताई, डिसेंबरात भाव चढा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल वाढतो, भाव उतरतो आणि फळ गोडही असते. त्या वेळी जास्त घ्यावी. धुऊन, सुती कापडावर पूर्ण कोरडी करून, मग देठ काढून ताटात एकेक सुटी मांडून फ्रीजरमध्ये ठेवावी. घट्ट झाली की हवाबंद पिशवीत भरावी. क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकते. नंतर फळ मऊ पडते, त्यामुळे नुसते खायला मजा नाही, पण दह्यात किंवा नाचणीच्या खिरीत घालायला चांगले.